गंबोचा वाडगा : केजन आणि क्रिओल जेवणातून लुईझियाना शिकताना



शहरातल्या बऱ्याच मुलांना ‘केजन’ हा शब्द माहीत असतो. हॉटेलच्या मेन्यूमध्ये ‘केजन पोटॅटो’ असतात, मॉलमध्ये ‘केजन मसाल्या’ची बाटली मिळते. पण केजन म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर येतं, “तिखट, लालसर सॉस!” खरं तर केजन हा सॉस नाही आणि मसालाही नाही. केजन ही माणसं आहेत. त्यांना एकदा त्यांच्या देशातून हाकललं गेलं, आणि पुढे शाळेत त्यांच्या मुलांची भाषा तोडली गेली. त्या मेयोनीजमधल्या बटाट्यांचा त्यांच्या घरच्या स्वयंपाकाशी फारसा संबंध नाही.

भूगोलाच्या तासाला आपण एखादा प्रदेश राजधानी, नद्या, हवामान, पिकं या क्रमाने शिकवतो. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. आज आपण क्रम उलटा करू या. आधी जेवायला बसू आणि मग ताटातली प्रत्येक वस्तू कुठून आली हे शोधत नकाशापर्यंत जाऊ. उद्या कुणी खरोखरच तिकडे प्रवासाला गेलं, तरी हीच वाट उपयोगी पडेल.

आधी जागा पाहू

अमेरिकेच्या नकाशावर मिसिसिपी नदीवर बोट ठेवा आणि खाली खाली या. जिथे नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, ते लुईझियाना राज्य. नदीने हजारो वर्षं गाळ आणून टाकला आणि ही जमीन तयार झाली. त्यामुळे इथे दलदल, पाणथळ आणि संथ वाहणारे ओहोळ सगळीकडे आहेत. अशा ओहोळाला तिथे ‘बायू’ म्हणतात. हा शब्द चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. मासे, कोळंबी, खेकडे, कालवं, भात आणि ऊस ही या भूमीची देणगी. कोकणातल्या मुलाला हे वर्णन ऐकून फार परकं वाटणार नाही.

१६८२ मध्ये फ्रेंच प्रवासी ला साल याने हा प्रदेश फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या नावाने घोषित केला, म्हणून नाव पडलं लुईझियाना. १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर वसलं. १७६२ मध्ये फ्रान्सने हा मुलूख स्पेनला दिला, नंतर परत घेतला आणि १८०३ मध्ये अमेरिकेला दीड कोटी डॉलरना विकून टाकला. १८१२ मध्ये लुईझियाना अमेरिकेचं राज्य झालं. तीन झेंडे आले आणि गेले, पण चुली त्याच राहिल्या. प्रत्येक राजवटीत आलेल्या माणसांनी त्या चुलीवर आपलं काहीतरी ठेवलं.

क्रिओल कोण आणि केजन कोण?

हा गोंधळ तिथे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा होतो. मुलांना सांगताना आपण नीट सांगू या.

‘क्रिओल’ हा शब्द पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतून आला. मूळ अर्थ असा, की आईबाप किंवा पूर्वज दुसऱ्या खंडातले, पण जन्म मात्र वसाहतीतला. त्यामुळे फ्रेंच वंशाचा गोरा माणूस क्रिओल, आफ्रिकन वंशाचा माणूस क्रिओल आणि दोन्हींच्या मिश्र वंशाचा माणूसही क्रिओल. आज लुईझियानात कुणी स्वतःला क्रिओल म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा फ्रेंच, आफ्रिकन, स्पॅनिश आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वारशाबद्दल ते बोलत असतं. त्यांची स्वतंत्र क्रिओल भाषाही आहे. तिला ‘कुरी-विनी’ म्हणतात आणि ती आज फार थोड्या लोकांच्या तोंडी उरली आहे.

केजनांची गोष्ट वेगळी. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशियाच्या परिसरात १७व्या शतकाच्या सुरुवातीपासून फ्रेंच शेतकरी राहत होते. त्या भागाला म्हणत अकादी, आणि तिथल्या लोकांना अकादियन. १७१३ मध्ये तो प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. ब्रिटिशांना हवी होती तशी बिनशर्त निष्ठेची शपथ अकादियनांनी घेतली नाही. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना घराबाहेर काढून जहाजांत कोंबायला सुरुवात केली. पुढच्या आठ वर्षांत १०,००० हून अधिक माणसं हद्दपार झाली. कुटुंबं फुटली, हजारो माणसं रोगराईने आणि जहाजं बुडून मेली. त्यांच्यातलीच काही कुटुंबं भटकत लुईझियानाला पोचली. जोसेफ ब्रुसार, ज्याला ‘बोसोलेय’ म्हणत, तो १७६५ मध्ये सुमारे २०० जणांना घेऊन आला. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी आणखी सुमारे १,६०० अकादियन आले. ‘अकादियन’चं बोलता बोलता झालं ‘कादियन’, आणि इंग्रजी तोंडात त्याचं झालं ‘केजन’.

साधारण ढोबळ खूण म्हणून असं सांगतात, की क्रिओल जेवण शहराचं, केजन जेवण खेड्याचं. क्रिओल स्वयंपाकात टोमॅटो, लोणी, बाजारात मिळणारे देशोदेशीचे जिन्नस. केजन स्वयंपाकात एकच मोठं भांडं, शेतातलं आणि पाण्यातलं जे मिळेल ते, आणि खमंग परतलेलं पीठ. जंबालया नावाचा भाताचा पदार्थ घ्या. न्यू ऑर्लिन्समध्ये तो टोमॅटोमुळे लाल, तर केजन भागात मांस तळाला खरपूस परतल्यामुळे तपकिरी. पण मुलांना हेही सांगा, की ही रेघ पेन्सिलची आहे. खेड्यांतही क्रिओल माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, आणि शेजारणी शेजारणी एकमेकींच्या वाटीतलं चाखतच आल्या आहेत.

वाडग्यातला एकेक जिन्नस

आता गंबोचा वाडगा समोर घेऊ. गंबो म्हणजे दाटसर रस्सा, भातावर वाढलेला. त्यात कधी कोंबडी आणि सॉसेज, कधी कोळंबी आणि खेकडा.

*भेंडी.* आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला ‘कि-न्गोंबो’ असा शब्द आहे. ‘गंबो’ हे नाव त्यावरूनच आलं असं मानलं जातं. म्हणजे लुईझियानाच्या सगळ्यात प्रसिद्ध पदार्थाचं नाव साध्या मराठीत सांगायचं तर ‘भेंडी’! भेंडी आणि तिचं नाव दोन्ही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलं. जी भेंडीची चिकट तार आपण परतून परतून घालवतो, तीच तिथे रस्सा दाट करायला वापरतात.

*सॅसाफ्रासची पूड.* भेंडीचा हंगाम नसेल तेव्हा सॅसाफ्रास नावाच्या झाडाची वाळलेली पानं कुटून त्याची पूड घालतात. तिला ‘फिले’ म्हणतात. ही चॉक्टॉ लोकांची देणगी. ही पूड भांडं चुलीवरून उतरवल्यावर घालायची. उकळत्या रश्श्यात घातली तर रस्सा तार धरतो.

*रू.* तेल किंवा लोणी आणि तेवढंच पीठ मंद आचेवर परतत राहायचं. ही मूळ फ्रेंच पद्धत. फ्रेंच स्वयंपाकी ते फिकट ठेवतात. लुईझियानाच्या बायांनी ते बदामी, मग विटकरी, मग जवळजवळ चॉकलेटी होईपर्यंत परतलं. याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ हात थांबवायचा नाही. इथे विज्ञानाचा धडाही आहे : पीठ जितकं जास्त भाजाल तितकी चव खमंग होते, पण रस्सा दाट करायची पिठाची ताकद कमी होते, कारण भाजताना स्टार्च तुटत जातं. बेसन भाजणाऱ्या कुठल्याही आजीला निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते.

*कांदा, सेलरी, ढोबळी मिरची.* या तिघांना तिथे गमतीने ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. फ्रान्समध्ये कांदा, सेलरी आणि गाजर वापरत. इथे गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली.

*सॉसेज.* धुरावलेल्या ‘आंदुई’ सॉसेजचं नाव फ्रेंच. मात्र ते बनवण्याबद्दल नावाजलेला मिसिसिपीकाठचा पट्टा ‘जर्मन कोस्ट’ म्हणून ओळखला जातो, कारण १७२०च्या दशकापासून तिथे जर्मन शेतकरी वसले.

*भात.* भाताशिवाय गंबो नाही. फ्रेंचांना भातशेतीचा अनुभव नव्हता. तो होता पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगांबिया भागातल्या माणसांना. १७१९ पासून त्यांना साखळ्यांत बांधून इथे आणलं गेलं. त्यांचं शेतीचं ज्ञान मालकांना हवं होतं, पण माणूस म्हणून त्यांचा हक्क मान्य नव्हता.

बघा, एका वाडग्यात आफ्रिका, फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी, सगळे आले. पण इथे एक काळजी घ्या. “सगळे मिळून मिसळून राहिले आणि छान पदार्थ तयार झाला” असं गुळगुळीत वाक्य फळ्यावर लिहू नका. काही जण स्वतःच्या जहाजाने आले, काहींना हाकललं गेलं, काहींना विकत घेतलं गेलं, आणि काहींची जमीनच गेली. वाडगा एक असला, तरी त्याच्याभोवती बसायचा हक्क सगळ्यांना सारखा नव्हता.

प्रवासी म्हणून गेलात तर

सुरुवात न्यू ऑर्लिन्सपासून करा. फ्रेंच मार्केटमध्ये १८६२ पासून चालू असलेलं ‘कॅफे दु मोंद’ आहे. तिथे बेन्ये मिळतात, म्हणजे पिठीसाखरेत बुडालेले चौकोनी तळलेले पाव. सोबत चिकोरी घातलेली दुधाळ कॉफी. चिकोरीची चव फिल्टर कॉफी पिणाऱ्याला लगेच ओळखू येते.

याच रस्त्यांवर पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर टोपल्या घेऊन ‘काला’ विकत. हे शिजलेल्या भाताचे गोड, तळलेले गोळे. स्पॅनिश राजवटीत गुलामाला पैसे भरून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घ्यायची कायदेशीर सोय होती, आणि काही स्त्रियांनी अशा विक्रीतून साठवलेले पैसे त्यासाठी वापरले. मुलांना हे आकडेमोड करून विचारा : रोज थोडे थोडे पैसे शिल्लक टाकून स्वतःला विकत घ्यायला किती दिवस लागत असतील? गणित सुटत नाही, पण प्रश्न मनात राहतो.

पोबॉय नावाचं लांब पावाचं सँडविच घ्या. १९२९ मध्ये शहरातल्या ट्राम कामगारांनी संप केला. मार्टिन आडनावाचे दोन भाऊ पूर्वी स्वतः ट्रामवर काम केलेले होते. त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायला सुरुवात केली. “आला बघ आणखी एक बिचारा गडी” अशा अर्थाच्या बोलण्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मफुलेटा हे दुसरं सँडविच सिसिलीहून आलेल्या इटालियन लोकांचं. १८०९ च्या सुमारास हैतीतल्या उलथापालथीनंतर क्यूबामार्गे हजारो निर्वासित आले आणि शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. १९७५ नंतर व्हिएतनामी कुटुंबं आली. आणि हो, १९व्या शतकाच्या अखेरीस बंगालमधले मुसलमान फेरीवाले भरतकाम केलेलं कापड विकायला या शहरात येत. त्यांच्यातल्या काहींनी ट्रेमे भागातल्या कृष्णवर्णीय मुलींशी लग्नं केली आणि तिथेच संसार थाटले.

ट्रेमेमध्ये ‘डूकी चेस’ हे रेस्टॉरंट १९४१ पासून आहे. लिआ चेस (१९२३–२०१९) यांनी ते नावारूपाला आणलं. गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एका ठिकाणी बसून जेवणं कायद्याने मना होतं, त्या काळात नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते इथे एकत्र बसून गंबो खात आणि पुढची आखणी करत. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ हा २००९ चा कार्टूनपट तुमच्या मुलांनी पाहिला असेल. त्यातली स्वयंपाक करणारी टियाना लिआ चेस यांच्यावरून सुचली. लिआबाई गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पालेभाज्यांचा हिरवा गंबो करत. त्यात पालेभाज्यांची संख्या विषम असावी लागते. जितक्या भाज्या तितके नवे मित्र मिळतात असा समज आहे.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहा. हा हिरवा गंबो नावाला भाज्यांचा, पण लिआबाईंच्या पद्धतीत मांस भरपूर असे. राजम्यातही बहुधा हॅम किंवा सॉसेज असतं. “मांस आहे का?” एवढंच न विचारता “रस्सा कशाचा आहे?” असंही विचारा.

शहरातून बाहेर पडून नदीकाठाने वर गेलात, की उसाचे मळे लागतात. तिथले जुने वाडे पर्यटकांना दाखवतात. त्यांच्यापैकी ‘व्हिटनी प्लँटेशन’ हे संग्रहालय २०१४ मध्ये सुरू झालं, आणि ते मालकाची नव्हे तर गुलामांची गोष्ट सांगतं. भिंतींवर गुलामांची नावं कोरली आहेत. ऊसतोड आणि गाळपाचा हंगाम म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या मुलांना सांगावं लागत नाही. तेच काम पगाराशिवाय, चाबकाखाली, रात्रंदिवस करावं लागलं तर, एवढाच विचार त्यांना करायला लावा.

मग पश्चिमेला लाफायेतकडे निघा. अंतर सुमारे २१५ किलोमीटर. वाटेत अचाफालाया दलदलीवरचा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा पूल लागतो. पलीकडे केजन मुलूख सुरू होतो. लाफायेतमधलं ‘व्हर्मिलियनव्हिल’ हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय मुलांसोबत बघण्यासारखं आहे. जवळच्या ब्रो ब्रिज गावात क्रॉफिशचा उत्सव भरतो. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटभर लांबीची शेवंडच समजा. तिची शेती भाताच्या खाचरातच होते. उन्हाळ्यात भात कापला, की शरद ऋतूत त्याच शेतात पाणी सोडतात. कुजणाऱ्या धसकटांवर जे जीवजंतू वाढतात त्यांवर क्रॉफिश पोसतात, आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्यांची काढणी चालते. एका खाचरात भातही निघतो आणि क्रॉफिशही. हा धडा कृषी विषयाच्या शिक्षकांनी जरूर घ्यावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर युनिस आणि मामू या गावांकडची मार्दी ग्रा बघा. न्यू ऑर्लिन्सची मार्दी ग्रा मोठ्या रथांची, तर इथली खेड्यातली. रंगीबेरंगी चिंध्यांचे कपडे आणि मुखवटे घातलेली माणसं घोड्यांवरून घरोघर जातात, नाचतात, गातात आणि गंबोसाठी शिधा मागतात. एखादा यजमान जिवंत कोंबडी सोडून देतो आणि सगळे चिखलातून तिच्यामागे धावतात. संध्याकाळी गावाचं मिळून एक जेवण होतं. शिमग्याची सोंगं पाहिलेल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

शाळेने काढून घेतलेली भाषा

मित्रांनो, हा सगळा लेख खरं म्हणजे पुढच्या या भागासाठी लिहिला आहे.

१९२१ मध्ये लुईझियानाच्या राज्यघटनेने सरकारी शाळांतलं शिक्षण इंग्रजीतूनच होईल असं ठरवलं. त्या आधीच शाळा सक्तीची झाली होती. घरात फक्त फ्रेंच किंवा क्रिओल बोलणारी सहा-सात वर्षांची मुलं वर्गात येऊन बसली. पटांगणावर तोंडातून फ्रेंच शब्द निघाला, तर शिक्षा. ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य शंभर शंभर वेळा लिहायचं, गुडघ्यांवर बसायचं, छडी खायची. लघवीला जायची परवानगी इंग्रजीत मागता आली नाही, म्हणून कपडे ओले करून बसलेल्या मुलांच्या आठवणी त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या आहेत.

ही मुलं मोठी झाली, आईबाप झाली. त्यांनी काय ठरवलं? “जे आपण भोगलं ते आपल्या पोरांना नको.” म्हणून त्यांनी मुलांशी फ्रेंच बोलणंच थांबवलं. आजी-आजोबा आपसात फ्रेंच बोलत. पोरांपासून काही लपवायचं असेल तेव्हा तर हमखास! एका पिढीत घरातली भाषा कुजबुजीची भाषा झाली. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धात याच केजन जवानांचं फ्रेंच अमेरिकी सैन्याला युरोपात दुभाषेगिरीसाठी कामी आलं. ज्या बोलण्यावर छडी बसली होती, त्याचीच तिथे गरज पडली.

१९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या विकासासाठी ‘कोडोफिल’ नावाची परिषद स्थापन केली. आज तिथे अनेक शाळांमध्ये गणित आणि विज्ञानसुद्धा फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग चालतात. नातवंडं शाळेत फ्रेंच शिकतात आणि घरी आजोबांशी बोलतात. मधली पिढी मात्र शेजारी बसून नुसती ऐकते.

आणि जेवण? ते टिकलं. जेवणाला कुणी छडी मारली नाही. उलट १९७९ मध्ये पॉल प्रुदोम या केजन बल्लवाने न्यू ऑर्लिन्समध्ये आपलं रेस्टॉरंट काढलं आणि केजन जेवणाची जगभर फॅशन आली. त्याने काळपट भाजलेला रेडफिश मासा इतका लोकप्रिय केला, की १९८०च्या दशकात त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंधनं घालावी लागली. एकेकाळी ‘केजन’ ही शिवी होती. आता ते बाटलीवरचं लेबल आहे.

इथे थोडं थांबू. पदार्थ टिकला म्हणजे संस्कृती टिकली का? आपल्या घरातही पुरणपोळी आहे, मोदक आहेत, दिवाळीचा फराळ तर पुण्याहून न्यू जर्सीला कुरिअरने जातो. पण मोदकाची कळी पाडताना आजी जे सांगते, ते नातवाला कळतं का? आपल्याकडे कुणी छडी घेऊन उभं नाही. तरी “घरी पण इंग्लिशच बोला, सवय होईल” हा सल्ला आपल्यापैकी अनेक शिक्षक पालकांना देतात, पालकही तो मनापासून पाळतात, आणि हेतू वाईट नसतो. केजन आईबापांचाही नव्हता. इंग्रजी शिकवायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण एक भाषा शिकवण्यासाठी दुसरी काढून घ्यावी लागत नाही. लुईझियानाने ती काढून घेतली, आणि आता पैसे खर्चून परत आणत आहे.

कोणाचं नाव लिहिलं जातं?

क्रिओल पाककृतींची पहिली पुस्तकं १८८५ मध्ये छापली गेली. पण ज्या स्वयंपाकघरांतून त्या पाककृती आल्या, तिथे राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावं क्वचितच कुठे लिहिली गेली. म्हणून लीना रिचर्ड (१८९२–१९५०) हे नाव महत्त्वाचं. या कृष्णवर्णीय बाईंनी १९३९ मध्ये स्वतःच्या नावाने पाककृतींचं पुस्तक काढलं, शाळा चालवली, आणि १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या दूरचित्रवाणीवर स्वतःचा स्वयंपाकाचा कार्यक्रम केला. हॉटेलांत आणि शाळांत भेदभावाचे कायदे चालू होते, तेव्हाची ही गोष्ट.

जमीनच कमी होते आहे

शेवटचा मुद्दा पाण्याचा. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळात बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण वादळ नसतानाही जमीन जातेच आहे. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली. नदीला बांध घातल्यामुळे नवा गाळ पसरत नाही, तेलकंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत येतं, जमीन खचते आणि समुद्र चढतो. आईल द जाँ शार्ल या बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या स्थलांतरासाठी २०१६ मध्ये केंद्र सरकारने निधी दिला. कोळंबी आणि कालवं या पाणथळीतच वाढतात. पाणथळ गेली, तर गंबोत घालायला काय उरेल?

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. *वाडग्याचा नकाशा.* पाचवीपासून पुढे. जगाच्या कोऱ्या नकाशावर गंबोच्या प्रत्येक जिन्नसाची वाट दोऱ्याने दाखवा. स्वखुशीने आलेल्यांचा दोरा हिरवा, जबरदस्तीने आणलेल्यांचा लाल. मग मुलांनी आपल्या डब्यातल्या एका पदार्थाचा असाच नकाशा काढावा. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि साबुदाणा कुठून आले हे शोधताना मुलं चकित होतात.

२. *सोमवारचा राजमा.* न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. बाई कामात, म्हणून राजमा दिवसभर मंद आचेवर ठेवलेला. आजही तिथे सोमवारी राजमा-भात करतात. घरी शाकाहारी करून पाहा : कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि लसूण परता, भिजवलेला राजमा आणि तमालपत्र घाला, पूर्ण मऊ शिजवा, आणि थोडे दाणे पळीने चिरडून रस्सा दाट करा. मग मुलांना विचारा, आपल्या घरी कामाच्या दिवशी ठरलेला असा कुठला पदार्थ आहे? तो कुणाचं काम हलकं करतो?

३. *पिठाचा प्रयोग.* हा फक्त मोठ्यांनी करायचा, मुलांनी लांबून पाहायचा, कारण तापलेलं रू अंगावर उडालं तर चिकटून भाजतं. फिकट, बदामी आणि गडद अशा तीन वाट्या काढा. प्रत्येकीत सारखं गरम पाणी मिसळा. कुठली जास्त दाट होते? का?

४. *आजीची कृती, आजीच्याच शब्दांत.* हा उपक्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलांनी घरातल्या मोठ्या माणसाकडून एक पाककृती ऐकून ती जशीच्या तशी लिहायची. आजी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, जे बोलेल तेच. ‘शुद्ध’ करायचं नाही. ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’, ‘वास सुटेपर्यंत’ हे सगळं ठेवायचं. वर आजीचं पूर्ण नाव लिहायचं, ‘आजी’ एवढंच नाही. बऱ्याच मुलांना आजीचं नाव विचारून घ्यावं लागेल. लागू द्या.

या वह्या वर्षअखेरीस एकत्र बांधा आणि शाळेच्या वाचनालयात ठेवा. त्याला नोंदणी क्रमांक द्या, इतर पुस्तकांसारखाच. आणि ज्या आजींना यायला जमेल, त्यांना एक तास वर्गात बोलवा. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या बोलीत शिकवायचं, आणि शिक्षकांनी मागच्या बाकावर बसून लिहून घ्यायचं.